अकरा अब्ज बाइटची एक ओळ

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याच्या शिवारात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे अशीच दोन यंत्रं आहेत. त्यांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेली लहर पहिल्यांदा टिपली. या यंत्रांचा मुख्य संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा नोंदला जातो.

कनेरगाव नाक्याच्या एका तरुणाला हा आकडा भुरळ घालून गेला. वाशीमकडून हिंगोलीला येताना जिल्ह्याच्या तोंडाशीच लागणारं हे गाव. अकोला-नांदेड महामार्गावरची वर्दळ दिवसरात्र असते, आणि अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं स्टेशनही आहे. हा मुलगा संगणकशास्त्रात बी.एस्सी. करत होता, सी++ बऱ्यापैकी लिहायचा, आणि घरी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप होता. लायगोची नोंद काही काळानंतर सगळ्या जगासाठी खुली होते, कुणीही उतरवून घेऊ शकतं, हे कळल्यावर त्याने ठरवलं की आपल्या जिल्ह्यात येणाऱ्या यंत्राची भाषा आपण आधीच शिकायची. पुढे जे घडलं ते तो आता कॉलेजातल्या धाकट्या मुलांना सविस्तर सांगतो. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात ॲरेवर एक धडा असतो, पण मोठा ॲरे नेमका कुठे कुठे अडतो हे त्या धड्यात सहसा नसतं.

सुरुवात छोट्या फाइलने झाली. पहिल्या लहरीभोवतीची ३२ सेकंदांची नोंद. ३२ गुणिले १६,३८४ म्हणजे ५,२४,२८८ आकडे, प्रत्येक आकडा ‘डबल’ म्हणजे ८ बाइटचा. एकूण ४१,९४,३०४ बाइट, बरोब्बर ४ एमबी. त्याने ‘मेन’च्या आतच ॲरे जाहीर केला, विंडोजवर प्रोग्राम बांधला. एकही तक्रार न करता तो बांधला गेला, आणि चालवताक्षणी बंद पडला. पहिली छपाईची ओळसुद्धा दिसली नाही.

कारण साधं आहे. फंक्शनच्या आत जाहीर केलेला ॲरे स्टॅकवर बसतो, आणि स्टॅक मुळात लहान ठेवलेला असतो. व्हिज्युअल स्टुडिओने बांधलेल्या प्रोग्रामला ठरलेला स्टॅक मिळतो १ एमबीचा. मिनजीडब्ल्यूचा लिंकर २ एमबी राखतो. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ८ एमबी असतो. तोच प्रोग्राम लिनक्सवर बिनतक्रार चालला असता, म्हणून ‘मित्राच्या मशीनवर चालतं, माझ्याकडे नाही’ हा प्रकार कॉलेजच्या लॅबमध्ये वारंवार दिसतो. याच लहरीची नोंद सेकंदाला ४,०९६ आकडे या कमी दरानेही मिळते. त्या ३२ सेकंदांचे बरोबर १०,४८,५७६ बाइट होतात, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओचा अख्खा स्टॅक. बाकीच्या चिल्लर व्हेरिएबल्सना जागाच उरत नाही.

त्याने ॲरे ‘मेन’च्या बाहेर काढला. प्रोग्राम चालला. कितीतरी मुलं इथेच थांबतात आणि ‘मोठा ॲरे ग्लोबल करायचा’ एवढाच धडा घेऊन पुढे जातात. हा धडा अर्धा आहे, आणि अर्धा असल्यामुळेच तो घातक ठरतो.

मग लॅपटॉपवर लिनक्स घालून त्याने मोठी फाइल घेतली. खुल्या नोंदीच्या मोठ्या फाइली ४,०९६ सेकंदांच्या असतात. १६,३८४ च्या दराने ६,७१,०८,८६४ आकडे, म्हणजे ५१२ एमबी. ग्लोबल ॲरे जाहीर केला. कंपायलरला काही क्षणसुद्धा लागले नाहीत, आणि बांधलेली फाइल काही केबींचीच निघाली. अर्धा जीबीचा ॲरे आणि फाइल एवढीशी, याचं त्याला नवल वाटलं. किंमत न दिलेला ग्लोबल ॲरे शून्यांनी भरलेला धरतात, आणि शून्यं फाइलमध्ये लिहून ठेवायची गरज नसते. ‘बीएसएस’ नावाच्या विभागात फक्त ‘इतकी जागा लागेल’ एवढी नोंद राहते. प्रोग्राम सुरू झाल्यावरही लिनक्स ती सगळी रॅम लगेच देऊन टाकत नाही. मेमरीच्या ज्या पानाला (छोट्या ठरावीक तुकड्याला) हात लागेल तेवढंच पान देतं.

गडबड झाली ती पुढच्या सुधारणेत. लायगोच्या नोंदीत मध्ये मध्ये खंड असतात. यंत्र बंद असेल किंवा नोंद वापरण्याजोगी नसेल तिथे ‘एनएएन’, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ अशी खूण भरलेली असते. हे वाचून त्याने एक स्ट्रक्चर केलं: आत एक ‘डबल’, त्याची आरंभीची किंमत एनएएन, आणि सोबत दर्जा सांगणारा एक पूर्णांक. जे वाचलं गेलं नाही ते आपोआप ‘नाही’ असं दिसेल, हा विचार नेटका होता. अशा स्ट्रक्चरचा ६,७१,०८,८६४ घटकांचा ग्लोबल ॲरे त्याने जाहीर केला आणि कंपाइल केलं.

लॅपटॉप गोठला. माउस हलेना, पंखा जोरात फिरायला लागला, आणि बऱ्याच वेळाने पडद्यावर एक ओळ उमटली: ‘इंटर्नल कंपायलर एरर: किल्ड’, पुढे कंसात ‘सीसीवनप्लस’ हे नाव, आणि खाली बगची संपूर्ण माहिती पाठवा अशी विनंती.

पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या चुलत बहिणीला त्याने फोन लावला.

“ताई, माझा प्रोग्राम पडायलाय. लई मोठा एरर येतोय.”

“प्रोग्राम पडायलाय का कंपायलर पडायलाय? ते आधी सांग.”

“कंपायलरच. इंटर्नल एरर म्हणतोय. जीसीसीतच बग सापडला की काय मला?”

“थांब. ‘किल्ड’ लिहिलंय ना? मग तो स्वतः मेला नाही रे, त्याला कुणीतरी मारलंय. डीमेसेज चालव आणि खालच्या ओळी वाच.”

‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलच्या नोंदी दिसतात. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: रॅम संपली, आणि सर्वांत जास्त रॅम खाणारी प्रक्रिया म्हणून कर्नलने ‘सीसीवनप्लस’ला, म्हणजे जीसीसीच्या सी++ समजून घेणाऱ्या भागाला, ठार केलं. ताईचा पहिला प्रश्न या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे, आणि प्रत्येक लॅबच्या भिंतीवर तो रंगवून ठेवावा असं प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटतं. मोठा ॲरे तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या जागी अडू शकतो. कंपायलर मजकूर वाचत असताना, लिंकर तुकडे जोडत असताना, आणि प्रोग्राम चालत असताना. तिन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. कुणाचा पाय घसरला हे न पाहता केलेला उपाय लागू पडला तरी पुढच्या वेळी उपयोगी पडत नाही.

कंपायलरची इतकी दमछाक का झाली? शून्य नसलेली आरंभीची किंमत दिली की ॲरे बीएसएसमधून उठून ‘डेटा’ विभागात जातो, आणि तिथे प्रत्येक बाइट फाइलमध्ये प्रत्यक्ष लिहावा लागतो. त्या स्ट्रक्चरचा एक घटक १६ बाइटचा, म्हणजे सगळा ॲरे बरोबर १ जीबीचा. पण तेवढ्यावर भागत नाही. फाइल लिहिण्याआधी जीसीसीच्या बऱ्याच आवृत्त्या प्रत्येक घटकाची आरंभीची किंमत आपल्या अंतर्गत वृक्षात वेगळी मांडतात, आणि त्या मांडणीला मूळ घटकापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. एका घटकामागे १०० बाइट जरी धरले तरी हिशेब ६.७ अब्ज बाइटवर जातो. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझरही उघडा असेल तर दुसरं काय होणार?

ही तक्रार नवी नाही. जीसीसीच्या बगांच्या यादीत ५९६५९ क्रमांकाची नोंद नेमकी याच जातकुळीची आहे: शून्यांनी भरलेला मोठा ‘एसटीडी ॲरे’ कंपाइल व्हायला बेसुमार वेळ लागतो. तिथे तर सगळी शून्यंच होती, तरी ती एकेक करून मांडली जात होती. सी भाषेतलं आणखी एक टोकाचं उदाहरण जाणकारांमध्ये प्रसिद्ध आहे. अवघ्या १४ अक्षरांचा प्रोग्राम, त्यात ‘मेन’लाच ॲरे म्हणून जाहीर केलेलं, आकार ३२ बिटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येइतका, आणि पहिल्या घटकाला किंमत १. ती एक किंमत शून्य नाही, म्हणून सगळा ॲरे फाइलमध्ये उतरतो आणि बांधलेली फाइल १६ जीबीच्या पुढे जाते. मूळ मजकुराच्या लांबीवरून कंपायलरच्या कामाचा अंदाज बांधता येत नाही, हे याहून थोडक्यात कुणी दाखवलं नसेल.

तरुणाने एनएएन काढून टाकला. आता शून्यच ‘न वाचलेलं’ आणि दर्जाचा पूर्णांक १ झाला की ‘वाचलेलं’, अशी उलटी खूण ठरवली. ॲरे परत बीएसएसमध्ये गेला आणि कंपायलर पुन्हा क्षणात मोकळा झाला. दुसरा मार्गही होता: जागा चालत्या प्रोग्रामने मागायची आणि एनएएन एका लूपने भरायचा. कंपायलरला तेव्हा फक्त लूप दिसतो, घटक सहा असोत की सहा कोटी.

एवढ्यावर थांबेल तो कसला हौशी! त्याला अख्खा एक दिवस हवा होता. ८६,४०० सेकंद गुणिले १६,३८४ म्हणजे १,४१,५५,७७,६०० आकडे. साध्या ‘डबल’चा ॲरे धरला तरी ११,३२,४६,२०,८०० बाइट. एका ओळीत, एका जोडी चौकटी कंसात, साडेदहा जीबीहून मोठी मागणी. या वेळी कंपायलर गप्प राहिला आणि लिंकर अडला: ‘रिलोकेशन ट्रन्केटेड टू फिट’. ६४ बिटांच्या मशीनवरही जीसीसी सवयीने असं गृहीत धरतं की प्रोग्रामचा कोड आणि स्थिर डेटा मिळून २ जीबीच्या टप्प्यात राहील. त्यामुळे पत्ते ३२ बिटांच्या अंतरात लिहिता येतात आणि प्रोग्राम चपळ राहतो. ॲरे त्या टप्प्याबाहेर गेला की पत्ता रकान्यात मावत नाही. ‘एमसीमॉडेल’ हा पर्याय ‘मीडियम’वर ठेवला की ही मर्यादा उठते, आणि फोर्ट्रानमध्ये हवामानाची मोठी मॉडेलं चालवणाऱ्यांना हा पर्याय चांगला ओळखीचा आहे. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर मात्र इथवर येऊच देत नाही. एका ॲरेचा एकूण आकार २,१४,७४,८३,६४७ बाइटच्या वर जाता कामा नये, असं तो आधीच बजावतो.

पर्याय वापरून लिंकरची समजूत काढता आली, तरी ८ जीबी रॅममध्ये साडेदहा जीबी भरायला गेल्यावर चालत्या प्रोग्रामला कर्नल ठार करणार हे आता त्याच्या लक्षात आलं होतं. आणि दोन दिवसांची नोंद मागितली असती तर घटकांची संख्याच २,८३,११,५५,२०० झाली असती. ‘इंट’मध्ये ती मावत नाही. साध्या ‘इंट’ आकड्यांचा गुणाकार तिथे उतू जातो आणि ॲरेचा आकार ऋण आहे अशी बुचकळ्यात टाकणारी तक्रार येऊ शकते. एक दिवस मावतो, दोन मावत नाहीत. अशा सीमा दिसत नाहीत, म्हणून हिशेब कागदावर करावा लागतो.

जुन्या टर्बो सी++ची इथे आठवण येते. १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या कॉलेजांत सी शिकलेल्या पिढीने, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ शेजारी ठेवून, टर्बोच्या निळ्या पडद्यावर हात बसवला. तिथे ‘इंट’ २ बाइटचा होता. ४०,००० घटकांचा ॲरे म्हणजे ८०,००० बाइट, आणि ८०८६ प्रोसेसरचा सेगमेंट ६५,५३६ बाइटचा. टर्बो सरळ सांगायचा: ‘ॲरे साइझ टू लार्ज’. मर्यादा छोटी होती, पण उत्तर तात्काळ आणि निःसंदिग्ध होतं. सी भाषेच्या १९८९च्या मानकानेही कंपायलरकडून ३२,७६७ बाइटच्या एका वस्तूचीच हमी मागितली होती. १९९९मध्ये ती ६५,५३५वर नेली. आजच्या कंपायलरमध्ये सैद्धांतिक मर्यादा ८५९ कोटी जीबींच्या घरात गेली आहे, आणि मशीनची खरी कुवत तिच्या कितीतरी अलीकडे संपते. या मधल्या मोकळ्या पट्ट्यातच मुलं अडकतात. कंपायलर ‘नाही’ म्हणत नाही, आणि मशीनला झेपत नाही.

तरुणाला खरी वाट सापडली ती लहर शोधणाऱ्यांची पद्धत वाचताना. पहिल्या लहरीच्या नोंदीवर शिकाऊंसाठी जो नमुना पाठ आहे, त्यात गोंगाटाचा वर्णपट काढायला ४ सेकंदांचा तुकडा घेतात. ४ गुणिले १६,३८४ म्हणजे ६५,५३६ आकडे, फक्त ५१२ केबी. एक तुकडा वाचायचा, वर्णपट काढायचा, बेरजेत मिळवायचा, आणि त्याच जागेत पुढचा तुकडा. अख्खा दिवस असा सरकत जातो आणि प्रोग्रामला काही एमबीच जागा पुरते. एचडीएफ५ या ज्या साच्यात ही नोंद मिळते, तो साचा मुळातच हवा तेवढा भाग काढून घेता यावा म्हणून बनवलेला आहे. ‘सगळं एकदम मेमरीत हवं’ ही गरज विज्ञानाची नव्हती, ती सवयीची होती. नव्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ या सवयीपायी जातो असं लेखकाचं निरीक्षण आहे.

आता धाकटी मुलं ‘दादा, माझा ॲरे चालेना’ म्हणत येतात तेव्हा तो कोड नंतर बघतो. आधी गुणाकार करायला लावतो: किती घटक, एक घटक किती बाइटचा. हा गुणाकार प्रोग्राममध्येच ‘स्टॅटिक असर्ट’ म्हणून लिहून ठेवायला सांगतो, म्हणजे कुणी आकडा बेफाम वाढवला तर कंपायलर पहिल्याच ओळीला थांबेल आणि का थांबला तेही सांगेल. संख्या इंटमध्ये मावत नसेल तर गुणाकार ‘साइझ-टी’त करा. शंभर केबींच्या वरचं काहीही फंक्शनच्या आत ठेवू नका; त्यासाठी ‘व्हेक्टर’ आहे, जागा मिळाली नाही तर बहुतेक वेळा तो निदान सांगतो तरी. लिनक्सवर मात्र तेवढ्यावरही विसंबू नका, कारण तिथे जागा देतानाच नकार मिळेल असं नाही. व्हेक्टर भरू लागल्यावर कर्नल मध्येच प्रोग्रामला मारू शकतो. ग्लोबल ॲरे लागलाच तर बांधलेल्या फाइलवर ‘साइझ’ ही आज्ञा चालवा आणि बाइट ‘डेटा’त पडलेत की ‘बीएसएस’मध्ये ते पाहा. आणि प्रयोग करायचाच असेल तर आधी ‘यूलिमिट’ने त्या टर्मिनलच्या मेमरीला मर्यादा घाला. कंपायलर लवकर हार मानेल, पण अख्खा लॅपटॉप गोठून शेजारच्या खिडकीतलं न जपलेलं काम जाणार नाही.

खरा बग मुळी नसतोच, असा याचा अर्थ कुणी काढू नये. जीसीसी ही १९८७पासून वाढत आलेली प्रचंड रचना आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या जॉन रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीस्मिथ’ या साधनाने यादृच्छिक प्रोग्राम तयार करून २०११पर्यंत वेगवेगळ्या सी कंपायलरांमधले सव्वातीनशेहून अधिक बग उघडकीला आणले. जीसीसीची स्वतःची भूमिकाही कडक आहे: इनपुट कसंही असो, चुकीचं असलं तरी, कंपायलर कोसळला तर तो कंपायलरचाच दोष. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं आणि जीसीसीच्या पोटात काय चालतं हे शिकवणाऱ्या कार्यशाळा तिथे झाल्या. आयआयटी मुंबईतलेच धनंजय ढमढेरे यांनी कंपायलर बांधणीवर लिहिलेली पुस्तकं देशभर वापरली गेली. हिंगोली-नांदेडकडच्या मुलांनी हा विषय परका मानायचं कारण नाही.

म्हणून ‘किल्ड’ नसेल, कर्नलच्या नोंदीत मेमरी संपल्याचा उल्लेख नसेल, आणि तरीही ‘इंटर्नल कंपायलर एरर’ येत असेल, तर ती तक्रार जरूर पोचवावी. आधी ॲरेचा आकार निम्मा निम्मा करत जा. कोणत्या आकाराला कोसळतं आणि कोणत्याला नाही, ती सीमा टिपून ठेवा. ‘सेव्ह-टेम्प्स’ पर्याय लावून प्रीप्रोसेसरमधून निघालेली फाइल जपा. रेगर यांच्या गटाचंच ‘सी-रिड्यूस’ हे साधन ती फाइल छाटत छाटत दहा-वीस ओळींवर आणू शकतं. मग कंपायलरची आवृत्ती, कोणत्या मशीनवर, आज्ञेची पूर्ण ओळ जशीच्या तशी, आणि ही छोटी फाइल, एवढं एकत्र पाठवा.